आठवड्याचे दोन दिवस की सलग महिना?

देशातली समाजकार्य शिकवणारी पहिली संस्था, आजची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाली. आज एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, बहुतेक ठिकाणी फिल्डवर्क (वस्तीत, संस्थेत प्रत्यक्ष काम) दोन तऱ्हेचं: वर्षभर आठवड्याचे दोन दिवस, आणि शेवटी सलग महिनाभर, म्हणजे ब्लॉक प्लेसमेंट.

दोन दिवसांत वस्ती ओळखीची होते, रिपोर्टवर पर्यवेक्षकाशी नीट बोलणं होतं. पण शुक्रवारी भेटलेल्या बाईचं पुढे काय झालं? मंगळवारी ती तहसीलला गेली, उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज परत घेऊन आली. तेव्हा आपण वर्गात केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत काम करण्याची, तत्त्वं उतरवत होतो! ब्लॉकमध्ये ती खेप तिच्यासोबतच मारावी लागते. नोकरीत तेच करायचं असतं. म्हणून माझं मत ब्लॉकला, जरी तिथं पर्यवेक्षण बरेचदा फोनवरच उरकतं.