नाना पेठेतली बिनपाटीची लेथ: पाचपैकी चार

दुकानाला पाटीच नाही, त्यामुळे नाव विचारू नका. पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टची दुकानं आहेत, त्यांच्या मागच्या एका बोळात शटर अर्धं वर असतं आणि आतून कातकामाच्या तेलाचा वास येतो. गुरुवारी बंद. फोन ते उचलत नाहीत. गाडी आत नेऊ नका, वळवता येत नाही.

मी दातांच्या कवळ्या आणि कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. लाकूडकाम रविवारचं. जुन्या बाजारात एका रविवारी सहाशे रुपयांत लोखंडी रंधा मिळाला, स्टॅन्ले कंपनीचा चार नंबर, अंगावर ‘मेड इन यूएसए’ ओतलेलं. तळ सपाट, पातं भरपूर शिल्लक. फक्त मागच्या मुठीचा लांब बोल्ट गायब, पुढच्या गोल मुठीचा बोल्ट गंजून मोडलेला, आणि पातं खालीवर करायचा पितळी नट तडकून दोन तुकडे झालेला. म्हटलं, तीन आट्यांचं तर काम आहे.

आधी घराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या मुलाने मोडका बोल्ट काढला, इथवर छान. मग न विचारता त्या भोकात सहा एमएमचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारला, तोही तिरका. ‘ताई, आता कुठलाही बोल्ट बसेल!’ बसतो खरा, पण मूठ डावीकडे झुकते. मूळ आटे गेले ते गेलेच. बिडाच्या त्या एवढ्याशा उंचवट्यात परत आटे पाडायला जागाच उरली नाही. मी काही बोलले नाही, मागच्या मुठीचं भोक तेवढं तळहाताने झाकून रंधा उचलला आणि घरी आले.

मग बोहरी आळीतून पिच गेज आणलं, म्हणजे आट्यांमधलं अंतर ओळखायच्या दातेरी पानांचा जुडगा. एका बाजूला मेट्रिकची पानं, दुसऱ्या बाजूला इंची. पितळी नट ज्या दांड्यावर फिरतो तो शाबूत होता, त्याच्यावर एक एमएमचं पान लावलं. पहिले तीन दात बसले, पाचव्याला पान उचललं गेलं. इंचाला चोवीस आट्यांचं पान मात्र उजेडासमोर धरलं तरी फट दिसेना. हिशेब सोपा आहे: 25.4 भागिले 24 म्हणजे 1.058. एका आट्याला 0.058चा फरक नखालाही कळत नाही, पाच आट्यांत तो पाव एमएमच्या वर जातो. म्हणून दोन-तीन दातांवर विश्वास ठेवायचा नाही, पान जितकं लांब टेकेल तितकं टेकवायचं.

मागच्या मुठीच्या भोकात मात्र गेज जाणार कसं? तिथे लॅबची विद्या कामाला आली. दातांचं माप घ्यायला जे पातळ सिलिकॉन वापरतात ते, भोकात तेलाचा हात फिरवून, तळापासून वर भरत आणलं, म्हणजे हवा अडकत नाही. मधे खाचा पाडलेली काडी रोवली. दहा मिनिटांनी काडी धरून हळूच उलटं फिरवलं, आणि गुलाबी स्क्रू बाहेर आला! आट्यांची टोकं भिंगाखाली अगदी स्वच्छ. बाहेरचा व्यास साडेपाच, आठ आटे जेमतेम दहा एमएममध्ये. आता इथे घोळ. मेट्रिकचं सव्वाचं पान बसतं, आणि इंचाला वीसचंही बसतं, कारण वीस म्हणजे 1.27. रबरावर व्हर्निअर दाबून एवढा फरक पकडणं माझ्या बापजन्मात शक्य नाही.

हे सगळं डबीत घालून आणि रंधा घेऊन मी नाना पेठेत गेले. लेथवाले काका सत्तरीचे असावेत. त्यांनी डबी उघडली, गुलाबी स्क्रू चिमटीत धरून विचारलं, ‘हा कुणाचा दात?’ मग हसले नाहीत, चष्मा कपाळावरून खाली घेतला. रंध्याचा दांडा मायक्रोमीटरवर मोजला, तर्जनीचं नख आट्यांवरून फिरवलं आणि म्हणाले, ‘सव्वादोन सूत, चोवीसचे आटे, डावे.’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सव्वादोन सूत म्हणजे 9/32 इंच, 7.14 एमएम. झिजून 7.05 भरत होता. आटे डावे, म्हणजे नेहमीच्या उलट फिरणारे, अशासाठी, की नट घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला की पातं खाली उतरावं. त्याहून जुन्या रंध्यांत सुलटेच असायचे, त्यामुळे पुस्तकात वाचून नट करायला सांगितला तर हमखास फसगत.

गुलाबी स्क्रूचं उत्तर त्यांनी असं काढलं: साडेपाच एमएमला सव्वाचा आटा कुणी पाडत नाही, तेव्हा वीसच. आणि साडेपाच म्हणजे इंची नंबरातला बारा नंबर. शून्य नंबर साठ थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पुढे दर नंबराला तेरा थाउ वाढतात. बारा तेरी छप्पन्नाशे, अधिक साठ, दोनशे सोळा थाउ, म्हणजे 5.49 एमएम. (छप्पन्नाशे म्हणजे एकशे छप्पन्न. पाढे आमच्याकडे असेच म्हणतात, चूक काढू नका.) गंमत अशी की बाजारात बारा नंबर मिळालाच तर तो इंचाला चोवीस किंवा अठ्ठावीसचा असतो. वीसचा बारा नंबर हा स्टॅन्लेचा घरचा मामला. चोवीसचा स्क्रू या भोकात दोन वेढे जातो आणि अडकतो. जोर केला की बिडाचे आटे सुटतात.

मी ब्रिटिश व्हिटवर्थ असेल का विचारलं, कारण आपल्याकडच्या जुन्या अवजारांत तेच जास्त. काकांनी साठ आणि पंचावन्न अंशांच्या खाचा कापलेली एक झिजकी पत्री दांड्याला लावून दाखवली. व्हिटवर्थचा आटा पंचावन्न अंशांचा आणि टोकं-तळ गोलसर, जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली ठरवलेला. अमेरिकन आटा साठ अंशांचा. पाव इंचाला दोन्ही वीसचेच, म्हणून एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जातो आणि माणूस फसतो. अर्धा इंचाला मात्र व्हिटवर्थ बाराचा आणि अमेरिकन तेराचा, तिथे पहिल्या दोन वेढ्यांतच भांडण कळतं.

त्यांची लेथ जुनी, लीड स्क्रू (आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला चार आट्यांचा. वीसचे आटे पाडायला एकास पाचची गियर, चोवीसला एकास सहाची, दोन्ही त्यांच्याकडे होती. मेट्रिक लीड स्क्रूवर हेच बिनचूक करायचं तर 127 दात्यांचं गियर लागतं, कारण 25.4च्या पाचपटीशिवाय पूर्ण आकडा येत नाही. मुठीचा बोल्ट त्यांनी माझ्यासमोर पाऊण तासात केला. आधी शिशाच्या तुकड्यावर आटे पाडून तो भोकात फिरवून पाहिला, मग पोलादाला हात लावला. घरी बसवला तेव्हा शेवटच्या वेढ्यापर्यंत दोन बोटांनी गेला.

नटाचं काम जास्त. सहा एमएमच्या भोकात आतून डावे आटे पाडायला हत्यार पुरत नाही, म्हणून सिल्व्हर स्टीलचा टॅपच केला. दांड्यावर डावे आटे पाडले, कानशीने तीन खाचा घासल्या, टोक निमुळतं केलं, लाल तापवून तेलात बुडवला, मग परत तापवून पेंढ्याच्या रंगावर येईपर्यंत पाणी उतरवलं, म्हणजे ठिसूळपणा घालवला. एका नटासाठी एवढं! तोही पितळी. मला वाटलं होतं हजारभर तरी सांगतील. टॅप आणि नट मिळून साडेआठशे, बोल्टचे अडीचशे वेगळे.

आता एक गुण का कापला ते. नटाच्या कमरेला एक खाच असते, तिच्यात बेचक्यासारख्या तरफेचे दोन पाय खेळतात. ती खाच त्यांनी ढिली केली. नमुन्याचे दोन तुकडे जोडून मोजायचा कंटाळा केला असावा. परिणाम, पातं मागे घेऊन परत पुढे आणायचं तर नट दीड वेढा नुसताच फिरतो. सांगितलं, तर ‘जुन्या रंध्यात एवढा खेळ असतोच’ असं उत्तर आलं. असतो, पण दीड वेढा नसतो. शिवाय ‘मंगळवारी या’ म्हणून सांगितलेला नट तिसऱ्या मंगळवारी मिळाला आणि बिल मागितल्यावर सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर मिळालं.

तरी पुढच्या मुठीचं तिरकं भोक त्यांच्याकडेच नेणार आहे. ते मोठं करून पितळी बुश (पोकळ नळी) ठोकायचा आणि त्यात परत वीसचे आटे पाडायचे, असं ठरलंय. जाताना मोडका भाग न विसरता न्या, तुकडे झाले असतील तरी सगळे, आणि तोंडी माप सांगू नका, ते ऐकत नाहीत.

तो डावा टॅप मी मागितला होता. दिला नाही. तेलकट कागदात गुंडाळून, वर ‘रंधा सव्वादोन’ लिहून डाव्या खणात ठेवलाय. तुमच्या स्टॅन्लेचा नट गेला असेल तर आठवण करून द्या, टॅपचे पैसे पडणार नाहीत. खाचेचं माप मात्र स्वतः उभं राहून घ्यायला लावा.