स्फिअर हँडबुक : नळापाशी उभं राहून वापरायची फूटपट्टी

एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं. मदतसंस्थांच्या अहवालात हा आकडा हमखास असतो आणि बहुतेक वेळा अर्धाच सांगितलेला असतो. आपत्तीतल्या मदतीचे किमान निकष देणाऱ्या स्फिअर हँडबुकात त्याच्यामागे आणखी दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: नळाला मिनिटाला ७.५ लिटर पाणी येतंय आणि दिवसातून साधारण आठ तास येतंय. २५० माणसांना माणशी १५ लिटर म्हणजे ३,७५० लिटर. मिनिटाला ७.५ लिटरने हे भरायला ५०० मिनिटं लागतात, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. टँकरचं पाणी दोनच तास सोडलं जात असेल, तर त्या नळावर ६० माणसांचंच भागतं. अहवालात मात्र ‘निकष पूर्ण’ अशी बरोबरची खूण.

मदतसंस्थेचं काम मोजायला आज जी साधनं मिळतात त्यांत हे हँडबुक अजूनही सगळ्यांत कामाचं आहे. पण नीट वापरलं तरच. सध्याची आवृत्ती २०१८ ची, चारशेहून जास्त पानांची, पीडीएफ फुकट. याचं मूळ गोमा या काँगोतल्या (तेव्हाच्या झाईरमधल्या) शहरात आहे. १९९४ मध्ये रवांडातून पळालेले लाखो लोक तिथे आले आणि पहिल्या महिन्यातच जवळजवळ ५०,००० माणसं दगावली, बहुतेक कॉलरा आणि हगवणीने. संस्था ढीगभर होत्या, पण किमान किती द्यायचं यावर एकमत नव्हतं. १९९७ मध्ये स्फिअर प्रकल्प सुरू झाला तो त्यातून.

आतली रचना समजून घेतल्याशिवाय आकड्यांना हात लावू नये. प्रत्येक ठिकाणी आधी मानक (एका वाक्यात, आकड्याशिवाय), मग करायच्या कृती, मग निर्देशक, आणि शेवटी मार्गदर्शक टिपा. लोक निर्देशकांच्या पानाचा फोटो काढतात आणि टिपा सोडून देतात. गोची तिथेच होते. ‘पुरेसं आणि सुरक्षित पाणी मिळावं’ हे मानक; १५ लिटर हा ते ओळखायचा एक मार्ग.

आता मोजायचं कसं. दहा लिटरची बादली नळाखाली लावा आणि मोबाइलवर वेळ धरा. ८० सेकंदांत भरली तर धार ठीक. सकाळी टाकी भरलेली असताना एकदा आणि दुपारी पाणी उतरल्यावर एकदा; दोन्ही आकडे लिहा, सरासरी काढून मोकळे होऊ नका. रांगेतल्या शेवटच्या बाईला किती वेळ थांबावं लागलं ते बघा, मर्यादा ३० मिनिटांची आहे. मग वस्तीत शिरा. टाकीतून किती लिटर सुटलं याला लोकसंख्येने भागणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत फसवा हिशेब: गळती, सांडलेलं, गुरांना पाजलेलं, शेजारच्या वस्तीने नेलेलं, सगळं त्यात माणशी म्हणून धरलं जातं. त्यापेक्षा घरात जाऊन विचारा की काल कोणती भांडी भरली आणि किती खेपा झाल्या. भांडं डोळ्यांनी बघा. वीस लिटरचा कॅन लहान मुलगी आणत असेल तर ती तो अर्धाच भरते.

क्लोरीनचंही तसंच. नळाशी ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेलं) हवं आणि गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली. आपल्याकडे गावपातळीवर ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतात. तिचा पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचला तर तो मुक्त क्लोरीनचा, पंधरा-वीस मिनिटांनी वाचला तर त्यात संयुक्त क्लोरीनही (आधीच इतर पदार्थांशी जोडलं गेलेलं, कमी जोमाचं) मिसळलेलं असतं आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतं. गुलाबी रंग देणारी डीपीडी गोळी जास्त भरवशाची. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मगच तपासा. आणि घरातल्या हंड्यातलं पाणीही तपासा. नळाला ०.५ आणि हंड्यात शून्य निघालं, तर अडचण पावडरीची नसून झाकणाची, तांब्याची आणि बोटं बुडवण्याची आहे.

शौचालयांच्या बाबतीत हँडबुक सुरुवातीला ५० माणसांमागे एक चालवून घेतं, नंतर २० मागे एक मागतं. घरापासून ५० मीटरच्या आत, आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. मोजताना बांधलेली नव्हे, चालू असलेली मोजायची. आतून कडी लागते का, रात्री उजेड असतो का, पाणी आहे का, खड्डा भरलाय का. या चार प्रश्नांनंतर चाळीस शौचालयांतली किती उरतात ते बघा. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१६ च्या किमान मानकांत मात्र ३० माणसांमागे एक शौचालय आहे. त्यामुळे संस्था कोणत्या पट्टीने मोजतेय हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं. निवाऱ्याला दोन्हीकडे माणशी ३.५ चौरस मीटरच आहे. पुरात शाळेत माणसं ठेवतात तेव्हा वीस बाय वीस फुटांची वर्गखोली साधारण ३७ चौरस मीटरची, म्हणजे दहा जणांची. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना २०१९ चा महापूर आठवत असेल. दहा जण वाचून त्यांना हसू येईल. तरी हा आकडा लिहून ठेवावा, कारण चाळीस माणसं कोंबली तर कितीने चुकतोय हे निदान कळतं.

हँडबुकातला सगळ्यांत सरस भाग कुपोषणाच्या उपचारांचा आहे, कारण तिथे किती वाटप झालं हे न मोजता मुलाचं काय झालं हे मोजतात. अतितीव्र कुपोषणाच्या केंद्रातून बाहेर पडलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त बरे झालेले, मृत्यू १० टक्क्यांच्या आत, उपचार सोडून गेलेले १५ टक्क्यांच्या आत. मेळघाट-नंदुरबारकडे व्हीसीडीसी (गावातली बालविकास केंद्रं) आणि एनआरसी (दवाखान्यातली पोषण पुनर्वसन केंद्रं) बघणाऱ्यांना ही भाषा ओळखीची आहे. पळवाटाही इथेच आहेत. टक्केवारी काढताना छेद (ज्याने भागायचं तो आकडा) म्हणून कार्यक्रमातून बाहेर पडलेली मुलं धरतात. दुसऱ्या केंद्रात पाठवलेली त्यात येत नाहीत. म्हणजे अत्यवस्थ मुलं वेळेवर मोठ्या दवाखान्यात ‘रेफर’ केली की मृत्युदर आपोआप सुधारतो. सोडून गेलेल्यांत घरी दगावलेलीही असतात. म्हणून रजिस्टरमधून सोडून गेलेल्यांची दहा नावं काढा आणि त्यांच्या घरी जा. ‘रेफर’चा रकाना वेगळा मागा. शिवाय व्याप्ती, म्हणजे गरज असलेल्या मुलांपैकी किती उपचारात आली, ते विचारा: ग्रामीण भागात ५० टक्क्यांहून जास्त, शहरात ७०, छावणीत ९०. गावातल्या दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली (म्हणजे अतितीव्र कुपोषित) असलेल्या मुलांपैकी निम्मी जर केंद्रापर्यंत पोचलीच नसतील, तर बरे होण्याचं ९० टक्के प्रमाण कशाला मिरवायचं?

तक्रार व्यवस्थेबद्दल थोडक्यात: पेटीत शून्य तक्रारी ही शाबासकीची गोष्ट समजू नका. दहा जणांना विचारा की तक्रार कुठे करायची. पेटी बहुधा ऑफिसच्या आत, साहेबांच्या टेबलाशेजारी असते.

उणिवा आहेत. खर्चाचा हिशेब यात जवळजवळ नाहीच. तेच १५ लिटर एका संस्थेला दुसरीच्या तिप्पट पैशांत पडले तरी दोघी सारख्याच पास. (देणगीदार विचारतात तो ‘शंभरातले किती रुपये थेट लोकांपर्यंत’ हा प्रश्न त्याहून वाईट. पाणी तपासणाऱ्या माणसाचा पगार ‘प्रशासन’मध्ये दाखवला की संस्था खर्चिक दिसते, ‘कार्यक्रम’मध्ये टाकला की काटकसरी.) मृत्यू घटले ते कोणाच्या कामामुळे, हेही यातून कळत नाही. आणि छावणीत १५ लिटर मिळत असताना शेजारच्या गावात दहा मिळत असतील, तर भांडण ठरलेलं. त्यावर हँडबुक यजमान गावाचाही विचार करा एवढं सांगतं, पाणी कुठून आणायचं ते तुम्ही बघा.

विश्वस्तांनी आणि सीएसआरवाल्यांनी (कंपन्यांचा सामाजिक निधी सांभाळणाऱ्यांनी) पाण्याचं आणि पोषणाचं प्रकरण टिपांसकट वाचावं, बाकीचं लागेल तसं उघडावं. सोबत न्यायला दहा लिटरची बादली, डीपीडीच्या गोळ्या, मोजपट्टी आणि दंडघेराची पट्टी पुरते.