जुन्या लाकडी बोटींसाठी डी-आयसर : यंत्र चांगलं, पण टांगायला जमलं पाहिजे

बंदरात बर्फ धरू लागला की लाकडी बोटीला पहिला धोका पातळ बर्फाचा. पाण्याच्या रेषेवर त्याला पत्र्यासारखी धार असते. भरती-ओहोटीबरोबर तो फळ्यांवर घासत राहतो आणि ओकचं लाकूडसुद्धा कापतो. पुढे बर्फ जाड झाला की सांध्यांत ठोकून भरलेल्या कापसाला-तागाला चिकटतो आणि हलताना तो भरणा उपटून काढतो.

अशा बोटींसाठी पाण्याखाली पंखा फिरवून बोटीभोवती बर्फ धरू न देणारा, पाऊण अश्वशक्तीचा डी-आयसर आम्हाला पसंत आहे. 120 व्होल्टवर तो साधारण सहा अँपिअर घेतो, म्हणजे अखंड चालवला तर दिवसाला 17 युनिटच्या आसपास. तापमान आणि वेळ दोन्ही पाहणारा कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो, पण तो घ्याच.

गोड्या पाण्यात 4 अंशांचं सर्वात जड पाणी तळाशी बसतं, पंखा तेच वर आणतो. खाऱ्या पाण्यात हा आधार नाही. समुद्राचं पाणी उणे 1.9 अंशांना गोठतं आणि तोवर जडच होत जातं, त्यामुळे तळाशी ऊब साठत नाही. तिथे फक्त पाणी हलतं ठेवण्याचा फायदा मिळतो. खाडीत मात्र परिस्थिती बरी. नदीचं हलकं पाणी वर आधी गोठतं, खालचं खारं पाणी सहसा कमी गार असतं.

अमेरिकेत कनेटिकटमधली मिस्टिक नदी अशीच. तिच्या मुखाशी नोअँकला 1866 साली बांधलेली 'एमा सी. बेरी' ही मासेमारीची लाकडी बोट आता त्याच नदीवरच्या मिस्टिक सीपोर्ट म्युझियमच्या ताफ्यात आहे. मासे जिवंत ठेवायला तिच्या पोटात हौद आहे, त्याच्या तळाच्या भोकांतून बाहेरचं पाणी आत खेळतं. असा हौद असलेल्या कुठल्याही बोटीत ही जागा वेगळी बघावी लागते. बाहेरचा पंखा आतलं पाणी हलवेलच असं नाही, आणि आत बर्फ फुगला तर हौदाच्या भिंतींवर दाब येतो.

चुका होतात त्या बहुतेक टांगण्यात. यंत्र दोन दोरांनी तरंगत्या धक्क्याला बांधा. पक्क्या धक्क्याला बांधलं तर ओहोटीला ते चिखल उपसतं किंवा उघडं पडतं, आणि पाण्याबाहेर फिरलं की सील जळतं. मोटर तेलात बुडालेली असते, सील गेलं की तेल बंदरात. झोत फळ्यांवर थेट सोडू नका. जुना, सैल भरणा तोच धुऊन नेईल. झोत बोटीच्या बाजूने, लांबीला समांतर जाऊ द्या. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर नको : व्होल्टेज पडतं, मोटर तापते. यंत्राचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, म्हणजे ॲनोड, हिवाळ्याआधी बदला.

किनाऱ्यावरचा कंप्रेसर आणि भोकं पाडलेली नळी हाही पर्याय आहे. पाण्यात वीज जात नाही ही त्याची मोठी जमेची बाजू. पण हवेतला दमटपणा नळीत गोठतो आणि भोकं बुजतात, म्हणून आमची पसंती पंख्यालाच.

डेकवरच्या बर्फावर मात्र दोन्हींचा इलाज नाही. त्याच्या वजनाने बोट खाली बसते आणि एरवी पाण्यावर राहून सुकलेले, उघडलेले सांधे पाण्याखाली जातात. गळती तिथूनच सुरू होते. हिमवर्षाव थांबला की लाकडी फावड्याने डेक मोकळा करा, लोखंडी फावडं फळ्या ओरखडतं. वीज गेल्याचा अलार्म आणि बोटीत शिरलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची बॅटरीही त्याच फेरीत तपासा.