आंधळ्या-बहिऱ्या कुत्र्यासाठी रिंगचा हार्नेस: कामाचा, पण माप चुकलं तर डोकेदुखी

जाळीच्या कापडाचं जाकीट आणि त्यातून पुढे येऊन तोंडासमोर अर्धगोल वळलेली प्लास्टिकची रिंग, एवढीच ही वस्तू. भिंतीला नाकाआधी रिंग टेकते, धक्का खांद्यांना जाणवतो आणि कुत्रा वळतो. नुसत्या आंधळ्या कुत्र्याला हाक मारून थांबवता येतं. ऐकूही येत नसेल तर हाकेचा उपयोग नाही, म्हणून तो धक्का फार महत्त्वाचा.

सगळं मापावर आहे. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे घ्या, शिवाय खांद्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर, तेही कुत्रा उभा असताना आणि मान चालताना असते तशी असताना. रिंग नाकाच्या तीन ते पाच सेंटिमीटर पुढे हवी. कमी असली तर मान लांबवताच नाक आपटतं, जास्त असली तर दारात वळताना चौकटीला अडकते. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. जाकीट ढिलं राहिलं की रिंग खाली लोंबते, उंबरठ्याला ठेचते आणि कुत्रा चालायलाच नकार देतो. लोक मग रिंगला दोष देतात! काखेत मात्र घट्ट पट्टा घासतो, म्हणून तिथली कातडी रोज पाहावी.

पहिले दोन-तीन दिवस नुसतं जाकीट, तेही पाच-दहा मिनिटं, खाऊ देत देत. मग रिंग. काही कुत्री पुतळ्यासारखी उभी राहतात. ओढू नका, नाकाजवळ खाऊ धरून एकेक पाऊल पुढे घ्या. खुर्चीच्या पायांत रिंग अडकली की बरीच कुत्री मागे सरायचं सोडून पुढेच रेटत राहतात. छातीवर हलका दाब म्हणजे 'मागे' हे आधी शिकवलेलं असेल तर सुटका सोपी. अडकलेल्याला एकदम धरू नये: आधी हाताचा वास घेऊ द्या, मग ठरलेल्या एकाच खांद्याला स्पर्श. झोपेतून उठवतानाही हेच.

खाताना, पाणी पिताना, झोपताना, दुसऱ्या कुत्र्याशी खेळताना हार्नेस काढायचा. घरात कोणी नसतानाही.

काही हार्नेसना घुंगरू लावलेलं असतं. बहिऱ्या कुत्र्याला ते काय कळणार, पण तो कुठे फिरतोय हे माणसांना कळतं, तेवढं खरं.

रिंग खड्डा ओळखत नाही, ही मोठी मर्यादा. जिना, गच्चीची कड, पाण्याची टाकी इथे तिचा काडीचा उपयोग नाही, तिथे फाटकच हवं. फाटकाच्या साधारण ६० ते ९० सेंटिमीटर आधी खरखरीत रबरी मॅट अंथरा, म्हणजे पंजाला दोन-तीन पावलं आधी इशारा मिळतो. तीच मॅट घरात दुसरीकडे वापरू नका. जागा ओळखता यावी म्हणून वासाच्या खुणा करायच्या असतील तर टी ट्री तेल अजिबात नको, कुत्र्यांना ते विषारी आहे. रिंगच्या वर येणाऱ्या टेबलांच्या कडांना फोम चिकटवावा.

नुकती नजर गेलेल्या किंवा नव्या घरात आलेल्या कुत्र्यासाठी घ्यावाच. घर पाठ झालं की बरीच कुत्री मिशा आणि नाकाच्या जोरावर रिंगशिवाय फिरतात, मग ती फक्त अनोळखी जागी लावली तरी चालतं. म्हणून घेताना रिंग वेगळी काढता येणारा आणि मोडल्यास सुटी रिंग मिळणारा प्रकारच निवडा.