न तोडलेल्या विटांचे चर्च: क्लिप्पान येथील सेंट पेत्री

दक्षिण स्वीडनमधील क्लिप्पान या छोट्या गावातले सेंट पेत्री हे पॅरिश चर्च, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती मंडळीचे चर्च, झाडांच्या आडोशाला उभे आहे, आणि त्याच्या काळपट विटांच्या ठेंगण्या भिंती लांबून पाहिल्या तर ही प्रार्थनेची जागा असेल असे वाटतही नाही. वास्तुशिल्पी सिगुर्ड लेवेरेन्त्झ (१८८५–१९७५) यांनी हे काम सत्तरी उलटून गेल्यावर हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. विटेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ही वास्तू निदान एकदा, घाई न करता पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बांधकामाचा मुख्य नियम एकच आहे: एकही वीट तोडायची नाही. एरवी कोपरा आला, खिडकी आली किंवा थर जुळेनासा झाला की गवंडी थापीच्या धारेने अर्धी किंवा पाऊण वीट करून घेतो आणि काम पुढे नेतो. येथे ती सोय नसल्यामुळे मोजमापातला प्रत्येक फरक सांध्यांना पोटात घ्यावा लागला आहे. एकाच भिंतीत काही सांधे बोटभर आहेत, काही चांगलेच रुंद आहेत, आणि विटा जोडणारा मसाला बाहेर आला तेथे तो कोरून न काढता गोणपाटाने पुसून घेतल्यामुळे त्याचा करडा थर विटांच्या कडांवरही पसरला आहे. भिंतीजवळ उभे राहून पाहिले तर गवंड्याचा हात कोठून कोठे फिरला असेल, ते अक्षरशः दिसते. कोपनहेगनमधील ग्रुंटविग चर्च (१९४०) आतून घासून गुळगुळीत केलेल्या पिवळ्या विटांचे आहे आणि तेही मला अतिशय प्रिय आहे. तेथे माणूस उंचीने स्तिमित होतो, येथे मात्र त्याला भिंतीला हात लावावासा वाटतो.

मुख्य दालन चौकोनी असून त्याच्या मध्याजवळ टी आकाराचा पोलादी खांब उभा आहे. आडव्या तुळयांमुळे तो क्रुसासारखा दिसतो, आणि विटांच्या उथळ कमानींचे छत त्याच तुळयांवर विसावले आहे. जमीन विटांचीच आहे, वेदी आणि प्रवचनपीठही विटांचेच. जमिनीला वेदीच्या दिशेने उतार आहे. बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती दीक्षा देण्याच्या, जागी ती फुगून वर येते आणि तेथे तिला चीर पाडली आहे. तिच्यावर लोखंडी चौकटीत ठेवलेल्या प्रचंड शिंपल्यातून पाणी थेंबाथेंबाने खाली पडते. मी तेथे बराच वेळ बसलो होतो, आणि दोन थेंबांमधली शांतता ऐकण्यासारखी होती.

खिडक्यांचा विचार तर मला सर्वांत धाडसी वाटला. चौकट कोठेही नाही. भिंतीतल्या भोकापेक्षा मोठी काच बाहेरून भिंतीला टेकवून पोलादी चापांनी व सीलबंदीच्या लुकणाने बसवली आहे. आतून पाहताना विटेला लागून थेट आकाशच दिसते, काच आहे याचे भान राहत नाही.

उणीव सांगायची तर अंधाराची. खिडक्या मोजक्या आहेत, दिवे मंद आहेत, आणि ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांना स्तोत्रांचे पुस्तक वाचणे जड जाईल. उतरती, खडबडीत जमीनही काठी घेऊन चालणाऱ्यांना सोपी नाही. अशा व्यक्तीसोबत जायचे असेल तर हात धरून चालावे. डोळे अंधाराला सरावायला जरा वेळ लागतो, म्हणून आत शिरताच छताकडे पाहू नये. आधी जमिनीवरच्या विटांची बदलती मांडणी पाहावी, मग भिंती, आणि कमानी सर्वांत शेवटी.