गुलमर्गला टेलिमार्क शिकले : सहा दिवस, एक उस्ताद आणि मागचा पाय

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात शाळेत खेळ शिकवते. दोन वर्षांपूर्वी गुलमर्गला साध्या स्कीइंगचा बेसिक कोर्स केला, त्यात बुटाची टाच स्कीला पक्की बांधलेली असते. तेव्हा समोरच्या उतारावरून एक माणूस प्रत्येक वळणाला एक गुडघा खाली झुकवत, टाच उचलत येताना दिसला. मी उभी राहून बघतच राहिले. ते टेलिमार्क. नॉर्वेतल्या टेलिमार्क भागातली ही जुनी पद्धत. तिथल्या मोर्गेदालच्या सोंद्रे नोर्हाइमने १८६८ मध्ये राजधानीतल्या स्पर्धेत ती दाखवली आणि तिचं नाव झालं.

यंदा फेब्रुवारीत अर्जित रजा टाकली आणि एका स्थानिक उस्तादाकडे सहा दिवस फक्त हेच शिकले. माय म्हणाली, "कायले जातेस वो तिकडं पुन्हा?" दिवसाचे पाच हजार, सामान आणि गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचं, तिकीट वेगळं. स्वस्त नाही. तरी पैसे वसूल झाले, असं मी मनापासून सांगते.

पहिला दिवस गोंडोलाच्या जवळच्या सौम्य उतारावर गेला. वळताना बाहेरची स्की पुढे, आतली मागे, मागची टाच वर. हे पाहून पाहून कळतं. अवघड जातो तो मागचा पाय. नवा माणूस पुढच्या गुडघ्यावर सगळा भार टाकून खाली बसतो आणि मागची स्की नुसती ओढत नेतो. माझंही तेच होत होतं. उस्ताद खालून ओरडायचा, "पिछला पैर सो गया, दीदी!" मग त्याने मला थांबवून मागच्या बुटाखाली स्वतःचा हातमोजा ठेवला आणि म्हणाला, करंगळीच्या बाजूने हा दाबून धरा, सुटता कामा नये. चवड्यावर भार आला, मागचा पाय कमरेखाली सरकला आणि दोन्ही स्की एकाच वेळी वळल्या. पाय बदलायचा तोही झटक्याने नाही. एक वळण संपत असतानाच मागचा पाय पुढे निघालेला हवा, मध्ये कुठे थबकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीच्या गारठ्याने उतार काचेसारखा कडक झाला होता. तिथे त्याने मला उंच उभं राहायला लावलं. गुडघे थोडेच वाकलेले, पावलांतलं अंतर कमी, भार जरासा पुढच्या म्हणजे बाहेरच्या स्कीवर, छाती उताराकडे, दोन्ही हात समोर. खोल वाकलं की कडक बर्फावर स्कीची कडा सुटते, हे मी दोनदा कुल्ह्यावर आपटून शिकले.

चौथ्या दिवशी ताजा बर्फ पडला. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, गोंडोलाचा वरचा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगाला सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. आम्ही मधल्या कोंगदूरी स्थानकावरून झाडीच्या कडेने उतरलो. वर निघण्याआधी उस्तादाने हिमस्खलनाचा इशारा पाहिला, माझ्या अंगावरचा बीकन (बर्फाखाली गाडलं गेल्यास ठावठिकाणा सांगणारं यंत्र) चालू आहे ना ते तपासलं, पाठीवरच्या पिशवीत फावडं आणि शोधकाठी आहे याची खात्री केली. एवढं करणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

त्या गुडघाभर भुसभुशीत बर्फात मला आमची धानाची बांधी आठवली. रोवण्याच्या दिवसांत चिखलात एकाच पायावर भार दिला की तो पोटरीपर्यंत रुततो आणि मग उपसता उपसत नाही. बाया दोन्ही पायांवर सारख्या तोलून मागे मागे सरकतात. इथेही तेच. पुढच्या पायावर जोर दिला की त्या स्कीचं टोक खाली घुसतं आणि मागची भरकटते. भार अर्धा अर्धा, पाय एकमेकांजवळ, आणि घाई न करता वर उठायचं, खाली बसायचं. तिसऱ्या-चौथ्या वळणाला बर्फ माझ्या मांडीवरून वाहायला लागला आणि कसलाच आवाज राहिला नाही. उस्ताद खाली झाडांजवळ थांबून बघत होता. त्या उतारावर त्याने एकदाही हाक मारली नाही.

दुपारच्या उन्हाने जड झालेल्या बर्फात वळण लांब आणि सबुरीने घ्यायचं. वर पापुद्रा आणि खाली पोकळ असेल तर दोन्ही स्की एकत्र धरून हलकी उडी मारायची आणि पाय हवेतच बदलायचा. मला ते अजून नीट जमत नाही. तिथे तो सरळ म्हणाला, साधी समांतर वळणं घ्या, त्यात कमीपणा नाही. उभ्या उतारावर काठी खालच्या बाजूला टेकवून मगच वळायचं, एवढंच शिकून झालं.

आता तक्रार. सामान मी बाजारातल्या एका दुकानातून भाड्याने घेतलं. ७५ मिलिमीटरचे जुन्या पद्धतीचे बूट, पुढे बदकाच्या चोचीसारखा भाग, त्याखाली तीन भोकं, त्यांत बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचे, तीन खिळे बसतात. माझ्या डाव्या बुटाची भोकं झिजून मोठी झाली होती. दोन दिवस वळणाच्या ऐन मध्यात बूट हलायचा आणि मला वाटायचं चूक माझीच. तिसऱ्या दिवशी उस्तादाच्या लक्षात आलं, तेव्हा दुकानदाराने कुरकुरत जोड बदलून दिला, भाडं मात्र कमी केलं नाही. उस्तादाने पहिल्याच दिवशी बूट तपासायला हवे होते, हेही मी त्याला बोलून दाखवलं आणि त्याने ते मानलं.

हल्ली एनटीएन नावाची बूट-बाइंडिंगची नवी पद्धत आहे, २००७ पासूनची. तिच्या बुटाला चोच नसते, पकड घट्ट असते. गुलमर्गला भाड्याने मला ती कुठे मिळाली नाही. तेव्हा जुनेच बूट घ्यावे लागले तर दुकानातच ते उलटे धरा, तिन्ही भोकांच्या कडा बोटाने चाचपा, आणि त्या गोल झालेल्या लागल्या तर दुसरा जोड मागा.