जपान हिवाळ्यात, सासूबाई आणि दोन पोरांसकट: काही महिन्यांनंतरचा अनुभव

ट्रिपवरून आल्या आल्या लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा फारसा विश्वास नाही, तेव्हा सगळंच भारी वाटत असतं. म्हणून मुद्दाम थांबले. आता पावसाळा लागलाय, क्रेडिट कार्डाचे हप्ते संपलेत, फोटो कोणी बघत नाही, आणि तरी माझं मत तेच आहे: फॅमिलीला घेऊन जपानला जायचं तर हिवाळ्यात जा. चेरी ब्लॉसमवाले ओरडतील, ओरडू देत. फक्त दिवस लहान असतो हे डोक्यात ठेवून प्लॅन करा आणि खाण्याला "मधे कुठेतरी उरकू" असं समजू नका, खाणं हाच अर्धा प्रवास आहे.

दिवस लहान म्हणजे किती, तर डिसेंबरअखेर टोकियोत साडेचारला सूर्य मावळतो. खरंच साडेचारला. क्योटोत थोडा उशिरा, पण तिथली बरीचशी मंदिरं साडेचार-पाचला बंद होतात म्हणजे हिशेब तोच. आम्हाला एका टूरवाल्याने जो प्लॅन दिला होता त्यात रोजची पाच-सहा ठिकाणं कोंबलेली होती, तो बाजूला ठेवला आणि रोज उजेडात एकच मोठी गोष्ट आणि अंधार पडल्यावर खाणं, दुकानं, रोषणाई असं ठरवलं. सासूबाई सत्तरीच्या, धाकटा पाच वर्षांचा, आणि दोघंही शेवटपर्यंत कुरकुरले नाहीत, यातच काय ते समजा.

थंडीची भीती घालतात लोक. टोकियो-क्योटोची थंडी कोरडी, आभाळ निळंशार, दुपारी दहा अंशांच्या आसपास तापमान, चालताना मजा येते. फुजीसुद्धा हिवाळ्यातच सगळ्यात स्वच्छ दिसतो, उन्हाळ्यात ढगात लपून बसलेला असतो. त्रास होतो तो कोरडेपणाचा, ओठ आणि टाचा फुटतात, हॉटेलच्या खोलीत हीटरने घसा सुकतो. ह्युमिडिफायर मागा, बऱ्याच ठिकाणी देतात. थर्मल आम्ही इथून नेलेच नाहीत, पहिल्या संध्याकाळी युनिक्लोत गेलो आणि हीटटेक घेतले. त्यात साधे, जाड आणि अतिजाड असे तीन प्रकार मिळतात, तर अतिजाड घेऊ नका, ट्रेन आणि दुकानं आतून इतकी गरम असतात की घामाने जीव जातो. मधला पुरतो. महिन्यांनंतरचा रिपोर्ट म्हणाल तर ठाण्यात ते माळ्यावर पडून आहेत, दिराने मनालीला जाताना नेले तेवढाच वापर.

त्यापेक्षा कायरो जास्त उपयोगी पडले, म्हणजे ते गरम होणारे पाऊच. आत लोखंडाचा भुगा असतो, पाकीट फोडलं की हवेशी संयोग होऊन तापतो आणि काही तास गरम राहतो. चिकटवायचे मिळतात ते कपड्यावरूनच लावायचे, अंगाला थेट नाही, हळूहळू भाजतं आणि कळतही नाही. सासूबाईंनी कंबरेला स्वेटरवरून लावला आणि "हे इथेच राहू दे" म्हणून रोजचा नेम केला. उरलेली पाकिटं घेऊन आलो, ती इथे कंबरेसाठीच संपली.

मार्ग सांगते. टोकियो, तिथून नागानो, मग कानाझावा, मग क्योटो आणि नारा, परत टोकियो. होकुरिकु शिंकानसेन, म्हणजे तिकडची बुलेट ट्रेन, नागानोवरून कानाझावाला जाते आणि २०२४ च्या मार्चपासून पुढे त्सुरुगापर्यंत, तिथे गाडी बदलून क्योटो. जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा रेल्वे पास, त्याचं गणित सगळे विचारतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन केला, आणि टोकियो-क्योटो एकेरी तिकीट चौदा हजाराच्या आसपास, त्यामुळे नुसतं टोकियो-क्योटो-टोकियो करणाऱ्याला पास म्हणजे पैसे पाण्यात. येनला साठ पैसे धरून आपापला हिशेब करा. सहा वर्षांखालचं मूल सीट न घेता फुकट, सहा ते अकरा अर्धं तिकीट. आणि नवीन वर्षाच्या गर्दीत टोकियो-क्योटोच्या सगळ्यात वेगवान नोझोमी गाड्यांना विनाआरक्षण डबेच नसतात, त्यामुळे बुकिंग आधी करा. टोकियोहून क्योटोला थेट जाणार असाल तर ई सीट घ्या, उजवीकडे फुजी दिसतो (आम्हाला परतताना दिसला, धाकटा झोपलेला होता, उठवला तर चिडला).

सगळ्यात पैसा वसूल सेवा कुठली विचाराल तर ताक्क्युबिन. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर मोठ्या बॅगा दिल्या, क्योटोच्या हॉटेलचा पत्ता आणि आम्ही पोचणार ती तारीख लिहिली, आणि मधले दिवस फक्त पाठीवरच्या सॅकवर काढले. सासूबाई, पोरं आणि स्टेशनांवरचे ते जिने, यात तीन सुटकेसेस ओढायच्या म्हणजे सुट्टी कसली ती.

नागानोहून बसने जिगोकुदानीला गेलो, गरम पाण्यात बसणारी माकडं बघायला. शेवटचे दीडेक किलोमीटर जंगलातून चालत, वाट बर्फाने गोठलेली, ग्रिपवाले बूट सुरुवातीलाच भाड्याने मिळतात ते घ्या. सासूबाई खाली कॅफेत थांबल्या. आमच्या पोरांना माकड म्हणजे माथेरानचं, हातातलं हिसकावून पळणारं, आणि ही माकडं तर लाल तोंडं वर करून डोळे मिटून बसलेली, माणसांकडे ढुंकून बघत नाहीत. मुलगी म्हणाली, "हे आजोबांसारखे बसलेत." माकडं येतातच असं नाही, जानेवारी-फेब्रुवारीत जास्त खात्री.

कानाझावा म्हणजे वेगळाच देश. इकडे जपान समुद्रावरून वारा येतो आणि ओला, जड बर्फ पडतो. तिथली म्हणच आहे की डबा विसरलात तरी चालेल पण छत्री विसरू नका. रस्त्यात मधोमध बारीक नळ्या बसवलेल्या, त्यातून जमिनीखालचं पाणी उडत राहतं आणि बर्फ वितळतो, पाण्यातल्या लोखंडाने रस्ते तांबूस झालेले. कल्पना छान, पण बूट वॉटरप्रूफ नसतील तर दहा मिनिटांत मोजे ओले. केनरोकुएन बागेत झाडांना छत्रीसारखे दोर बांधलेले असतात, बर्फाच्या वजनाने फांद्या मोडू नयेत म्हणून, ते बघायलाच हिवाळ्यात जायचं. ओमिचो मार्केटात खेकड्याचा सीझन होता, मी आणि नवऱ्याने एक खेकडा वाटून खाल्ला, गोडसर, मसाल्याचा पत्ता नाही. मला आवडला. नवरा मालवणचा, त्याचं म्हणणं "वाटण घालून खाल्ला असता तर." असो.

आता खरा प्रश्न, शाकाहारी. सासूबाई पूर्ण व्हेज, अंडंही नाही. जपानात भाजीसुद्धा दाशीत शिजते, दाशी म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी, त्यामुळे "नो मीट" एवढं सांगून भागत नाही. "मासा नाही, दाशी नाही" असं जपानीत लिहून फोनवर ठेवा आणि दाखवा. आमचं ज्यावर निभलं ते असं: टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान, पूर्ण व्हीगन रामेन, तिळाची जाड ग्रेव्ही, सासूबाईंनी बोल संपवला. कोको इचिबान्या या करी-भाताच्या साखळीच्या काही शाखांत व्हेज करी मिळते, ती वेगळी मागायची. क्योटोत देवळांचं शोजिन जेवण, त्यात दाशी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमची. आणि युदोफू, नानझेनजी देवळाच्या आसपास, मातीच्या भांड्यात कोंबूच्या पाण्यात उकळत असलेलं तोफू. पाणी शाकाहारी, पण सोबतच्या सॉसमध्ये मासा असतो, साधा सोया सॉस मागून घ्या. मला ते फिकं वाटलं, सासूबाई म्हणाल्या पोटाला किती बरं.

हिरो मात्र रताळं. सुपरमार्केटच्या दारातच गरम खड्यांवर भाजलेली रताळी ठेवलेली असतात, कागदी पाकिटात घालून देतात, सोललं की आतून पिवळंधमक आणि मधासारखं ओघळतं. ना तेल ना मीठ. एकादशी आली तेव्हा सासूबाईंनी दिवसभर रताळं आणि दूध यावर काढला आणि आम्हाला ऐकवलं की तुमच्यापेक्षा माझंच जेवण झकास. शिवाय मिकान संत्री, डिसेंबरपासून येणारी स्ट्रॉबेरी, आणि व्हेंडिंग मशीनमधलं गरम कॅनमधलं कॉर्न सूप. लाल पट्टीचं बटण म्हणजे गरम, निळी म्हणजे थंड. सूपचे शेवटचे दाणे कॅनमध्ये अडकतात, पोरं फलाटावर डोकं मागे टाकून कॅन आपटत बसायची.

नवीन वर्षाचं नीट समजून घ्या. साधारण २९ डिसेंबर ते ३ जानेवारी म्युझियम आणि छोटी रेस्टॉरंट्स बंद, दुकानदार गावाला. आम्ही ते दिवस क्योटोत ठेवले कारण देवळं तेव्हाच जागी असतात. ३१ च्या रात्री यासाका देवळात लोक दोरीच्या टोकाला निखारा पेटवून घेतात आणि विझू नये म्हणून तो गोल गोल फिरवत घरी नेतात, त्यावर वर्षाचा पहिला विस्तव. गर्दीत ते लाल ठिपके फिरताना बघून मुलगी अर्धा तास हलली नाही. चिओनइन देवळाच्या घंटेसाठी भयंकर रांग, सतरा भिक्षू मिळून वाजवतात आणि घंटा ७० टनांची, पण लहान मुलांना घेऊन तिथे उभं राहू नका. नवीन वर्षाच्या ओझोनी सूपमधला मोची, म्हणजे तांदळाचा चिकट गोळा, ज्येष्ठांना बारीक तुकडे करूनच द्या, दरवर्षी घशात अडकून अपघात होतात, तिथली फायर ब्रिगेडच सांगते.

परत टोकियोत आल्यावरचा दिवस मात्र सगळ्यांच्या आवडीचा. आधी काप्पाबाशी, हॉटेलवाल्यांच्या भांड्यांची गल्ली, तिथे सान्तोकू, म्हणजे स्वयंपाकाची सर्वकामी सुरी घेतली. मग आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन देवळात. इथला देव शोदेन म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेला, मूर्ती मात्र दाखवत नाहीत. आणि नैवेद्य मोदकांचा नाही, मुळ्यांचा! भले मोठे पांढरे मुळे रचलेले, भिंतींवर, दगडांवर मुळ्याचीच नक्षी. ७ जानेवारीला तर मुळ्याचा उत्सवच असतो. वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून बाहेर ठेवतात, सासूबाईंनी एक उचलला, हॉटेलवर नव्या सुरीने चिरला, मीठ, साखर, लिंबू आणि घरून आणलेलं दाण्याचं कूट घालून कोशिंबीर. सोबत कोन्बिनीचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातला, साधा गरम भात. एवढ्या ट्रिपमध्ये पोरांनी भांडण न करता जेवलेलं ते एक जेवण.

ती सुरी आता रोजच्या वापरात आहे, तर तिचंही सांगते. स्टेनलेस घेतली ते बरं झालं, दुकानदाराने कार्बन स्टीलही दाखवली होती पण आपल्या पावसाळ्यात ती पुसायची विसरली की गंजणारच. कांदा, कोथिंबीर, टोमॅटो, एक नंबर. नारळ आणि हाडं यांना लावायची नाही, धारेचे टवके उडतात, आमच्या मावशींना हे सांगून सांगून थकले, शेवटी त्यांना विळी आणि मला सुरी अशी वाटणी झाली. धार आता पहिल्यासारखी नाही पण टोमॅटोचं साल न दाबता कापते. येताना चेक-इन बॅगेत टाका, आणि ५,००० येनच्या वर खरेदी असेल तर पासपोर्ट जवळ ठेवा, टॅक्स फ्री होते. नोव्हेंबर २०२६ पासून मात्र आधी पूर्ण पैसे भरून निघताना एअरपोर्टवर परतावा घ्यायची पद्धत येतेय, तेव्हा जाणारे असाल तर बिलं आणि सामान एकत्र ठेवा आणि एअरपोर्टवर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.